कोकराचं तोंड

आमच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते. ते कुठलीच गोष्ट सरळ बघायचे नाहीत. शर्टाच्या खिशात दाढीचा चौकोनी आरसा असायचा. एखाद्या मुलानं चित्र दाखवलं की सर त्याच्याकडे पाठ फिरवायचे, आरसा खांद्याशी धरायचे, एक डोळा मिटायचे आणि मगच बोलायचे, "घर तिरकं झालंय रं. पावसाळ्यात पडंल." डोळ्याला सवय लागलेली असते, म्हणून चूक दिसत नाही; चित्र उलटं दाखवलं की सवय मोडते, असं त्यांचं म्हणणं. चित्रापुरतं हे ठीक होतं. पण स्टाफ मीटिंगमध्ये हेडसर बोलत असताना हे त्यांच्याकडे पाठ करून आरशात बघत बसायचे. हेडसरांनी एकदा शांतपणे विचारलं, "दाढी घरी होत नाही का?"

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. मी दौंडचीच, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील गार्ड होते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी मलाही आरशात बघून घेतलं आणि निकाल दिला, "बाई, तुमची उजवी बाजू रागीट हाय. डावी बरी हाय." मला इतका राग आला की पुढे महिनाभर मी स्टाफरूममध्ये मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताला बसले, म्हणजे त्यांना माझी रागीट बाजूच दिसावी.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "उजेड कुठनं येतोय ते आधी सांगा." हे ते मुलांना सांगायचे, पालकांना सांगायचे, क्लार्क आणि शिपाई यांचं भांडण लागलं तर मधे उभं राहून तेही विचारायचे. परीक्षेत वाटी काढायला दिली तर वाटीला दोन मार्क आणि सावलीला आठ. एका पालकानं तक्रार केली की माझ्या पोरीची वाटी सुबक असून ती नापास कशी. सर म्हणाले, "वाटी सुबक हाय, पण ती टेबलावर ठेवलेली न्हाई, हवेत हाय. सावलीच न्हाई तिला." पालकानं वाटी पुन्हा बघितली आणि कागद घेऊन घरी गेला.

ते मूळचे मांडवगण फराट्याकडचे, धनगराच्या घरातले. घरानं आता ऊस लावला होता, पण वडिलांनी दहा-बारा मेंढरं हट्टानं ठेवली होती. सरांनी पुण्यात चित्रकलेची पदविका घेतली, तिथेच दोन वर्षं एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली जुनी तैलचित्रं साफ करायला शिकले आणि मग दौंडला येऊन वाट्या तपासत बसले. गावाकडचं कुणी आलं तर सर फार बोलत नसत. वडिलांचा विषय निघाला की तंबाखूची चंची काढायचे.

माझ्या भावाच्या लग्नाला मी सगळ्या स्टाफला बोलावलं. आमचं चर्च रेल्वे लाइनीला लागून, दगडी, लहानसं. वेदीच्या वरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचं एक तैलचित्र होतं. इंग्रजांच्या काळातलं, आगबोटीनं विलायतेहून आलेलं, असं आम्ही ऐकत आलो होतो. चित्रात मेंढपाळाच्या वेषातला येशू होता म्हणतात. म्हणतात अशासाठी, की शंभर वर्षांच्या इंजिनांचा धूर आणि मेणबत्त्यांची काजळी त्यावर बसून एक फिकट चेहरा, एक हात आणि त्या हातात लोंबणारं कोकरू एवढंच काय ते दिसायचं. कोकराच्या तोंडाच्या जागी वाळवीनं तळहाताएवढं भोक पाडलं होतं.

भावाच्या लग्नात सर पहिल्या बाकाशी उभे होते, वेदीकडे पाठ करून, आरसा डोळ्यासमोर धरून. नवरा-नवरीनं वचनं दिली, अंगठ्या घातल्या, गाणं झालं, सर तसेच. माझ्या आत्यानं मला कोपरखळी मारली, "हा कोण गं, लग्नात भांग पाडतोय?" जेवणाच्या वेळी सर माझ्याकडे आले. ना अभिनंदन, ना आहेर. म्हणाले, "बाई, ते चित्र काळं न्हाई. मळलंय."

मी आमच्या चर्च कमिटीची चिटणीस होते आणि आता खरं सांगून टाकते, ते चित्र काढून टाकावं असं माझंही मत होतं. कमिटीतले एक गॅरेजवाले सभासद नाताळला नवीन चित्र देणार होते. छापील, चकचकीत, सोनेरी चौकटीचं. त्यात येशूनं कोकरू मानेभोवती खांद्यावर घेतलेलं होतं, कोकरू वर बघत होतं, आकाशातून किरण येत होते. आमच्या जुन्या येशूनं मात्र कोकरू पार खाली, गुडघ्याशी लोंबतं धरलं होतं. बायबलातल्या गोष्टीतलं हरवलेलं मेंढरू सापडल्यावर कुणी असं पिशवीसारखं धरतं का? काढणाऱ्याला चित्र येत नसणार, असं सगळ्यांचं मत. जुनं चित्र स्टोअररूममध्ये टाकायचं ठरलं होतं. सर कमिटीपुढे आले, एकदा सरळ आणि एकदा आरशातून सगळ्यांना बघितलं आणि म्हणाले, "नाताळच्या आदल्या रविवारपत्तोर मला द्या. तवर त्यात काय दिसलं न्हाई, तर मी स्वतः स्टोअरमधी नेऊन ठेवतो." आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, भले माणूस होते. ते म्हणाले, "रविवारी सकाळी मंडळी ठरवील."

चित्र उतरवून चर्चच्या बाजूच्या खोलीत ठेवलं. शाळा सुटली की सर तिथे. चौथ्या दिवशी एस्तेरमावशी धापा टाकत माझ्या घरी आल्या. मावशी रेल्वे दवाखान्यातून आया म्हणून रिटायर झालेल्या, मंडळीतल्या सगळ्यात जुन्या.

"चल आधी. तो तुमचा मास्तर प्रभूवर थुंकतोय."

आम्ही गेलो तर सर काडीला कापूस गुंडाळत होते. तो बोळा त्यांनी तोंडात घातला, जिभेवर फिरवला आणि येशूच्या पायावर हलकेच घासला. बोळा काळाकुट्ट झाला. तो टाकला, दुसरा घेतला. मी दारातूनच विचारलं, "सर, हे काय चाललंय?"

"साबण लावला तर रंग जाईल. स्पिरिट लावलं तर पाय जाईल. काजळी तेवढी निघावी आन् रंग ऱ्हावा, असं एकच पाणी हाय जगात. आमचा म्हातारा कारागीर दुसऱ्या कशाला हात लावू द्यायचा न्हाई."

"काहीतरीच."

"तुम्हीच शिकवता की पोरांना. लाळंत काय असतं म्हणून?"

मी आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं. लाळेत विकर असतं, त्यानं पचन सुरू होतं, आकृती काढा. मला मानावं लागलं. पण मावशी ऐकेनात. त्या चित्राजवळ गेल्या, वाकल्या. साफ झालेल्या जागी एक पाऊल दिसत होतं, धुळीचं, टाचेला भेगा पडलेलं, चालून चालून दमलेल्या माणसाचं. मावशींनी बराच वेळ बघितलं. मग त्या म्हणाल्या, "प्रभूनं पण थुंकीनं माती कालवून आंधळ्याच्या डोळ्याला लावली होती. लाव बाबा. पण तंबाखू खाऊन लावू नको."

सरांनी खिशातून चंची काढली आणि खिडकीबाहेर टाकली. अठरा वर्षांची सवय. कांदा बंद, चहा बंद, साफसफाई होईपर्यंत नुसती भाकरी आणि दूध. पुढच्या रविवारी त्यांची बायको नारळ घेऊन चर्चच्या दारात हजर. "लगीन झाल्यापासनं मी बोंबलून दमले. तुमच्या देवानं चार दिवसांत सोडवली," असं म्हणून तिनं पाळकसाहेबांच्या हातात नारळ दिला. पाळकसाहेबांनी तो घेतला आणि त्याचं काय करायचं म्हणून माझ्याकडे बघितलं. आम्ही संध्याकाळी चटणी केली.

मग रोज काहीतरी निघू लागलं. मीही शाळा सुटली की तिथेच जाऊ लागले, आधी पाळत ठेवायला, नंतर हौसेनं. आतलं वस्त्र लाल निघालं, वरचं घोंगड्यासारखं पांघरलेलं निळं. सर सांगायचे, त्या काळचे लोक रंग उगाच लावायचे नाहीत. लाल म्हणजे रक्तामांसाचा माणूस, निळं म्हणजे आभाळ. निळ्याच्या खालीसुद्धा चित्रकारानं आधी लाल लावून वाळू दिलंय आणि मग त्यावर पातळ तेलात निळा चढवलाय, थर दिसू नये असा. "म्हंजी आभाळ पांघरलं तरी आत माणूसच हाय. तेवढ्यासाठी ह्यो एकेक थर वाळायला आठ-आठ दिवस थांबला असंल. आपल्याला रंगाचा दुसरा कोट मारायला दोन दिवस धीर निघत न्हाई." पायाजवळ काट्यांचं झुडूप निघालं. ते पुढे येणाऱ्या काट्यांच्या मुकुटाची खूण, सर म्हणाले, आणि त्यावरची पाच फुलं म्हणजे येशूच्या क्रूसावरच्या पाच जखमा. मी वाकून बघितलं. फुलं पिवळी, गोल, पिसांच्या गोंड्यासारखी. काटे पांढरे, लांब, जोडीजोडीनं.

"सर, ही बाभूळ आहे," मी म्हणाले.

"काय म्हणता?"

"विलायतेत बाभूळ नसते. हा इथे बसून काढत होता."

सरांनी आरसा काढला, पाठ केली, बघितलं, पुन्हा सरळ बघितलं. मग खोलीभर फिरले आणि मला म्हणाले, "बाई, तुमची उजवी बाजू पण बरी हाय." इतका आनंद मला बी.एड.च्या निकालाला झाला नव्हता. रेल्वेबरोबर आलेला कुणीतरी साहेब, बोर्ड रंगवणारा असेल, इंजिनावरचा असेल, सुटीच्या दिवशी दौंडच्या माळावर बसून बाभळीची फुलं मोजत होता. आम्ही तीन पिढ्या त्याला विलायतेत ठेवलं होतं.

अडलं ते कोकरावर. भोकाला मागून मांजरपाटाचा तुकडा चिकटवला, शाळेतल्या खडूची भुकटी सरसात कालवून वरून गिलावा दिला, घासून गुळगुळीत केला. आता तोंड काढायचं. सर आधी कागदावर काढून बघायचे. पहिलं कोकरू कुत्र्यासारखं झालं. दुसरं हेडसरांसारखं, आणि ते मी एकटीच म्हणत नव्हते. मग ते छापील चित्रातल्यासारखं वर बघणारं काढलं, तर ते दात दुखत असल्यासारखं दिसायला लागलं. आठ दिवस राहिले, सात राहिले. बाकी कुठलंही जनावर ते बोलता बोलता फळ्यावर काढायचे. मी एकदा चिडून म्हणाले, "धनगराच्या घरातले तुम्ही, आणि तुम्हाला मेंढरू येत नाही?"

सर कागद गोळा करत राहिले. मग म्हणाले, "येत न्हाई असं न्हाई. काढलंच न्हाई कवा." आणि त्यांनी सांगितलं. दहा-अकरा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना एका नुकत्याच जन्मलेल्या कोकराजवळ बसवलं होतं. कळप पुढे गेला होता. ह्यांनी खडकावर चुन्याच्या खड्यानं रेल्वेचं इंजिन काढायला घेतलं. चाकं नीट येईनात म्हणून मान वर केली नाही. लांडग्यानं कोकरू नेलं. वडिलांनी मारलं नाही, शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवशी मेंढरांची काठी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, तू शाळाच शीक. "तवापासनं आबानी मला कळपात येऊ दिलं न्हाई. एवढी वर्षं झाली, चित्र काढतो म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. आबानी एक चित्र बघितलं न्हाई."

मी स्वभावानं लुडबुडी आहे, तेवढंच मला जमतं. मांडवगणला आमच्या शाळेतला एक शिपाई जायचा, त्याच्याकडे निरोप दिला: आबांना म्हणावं, चर्चमधलं कोकरू आजारी आहे, येऊन बघा. सरांना सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी आबा आले, उसाच्या ट्रॅक्टरवरून उतरून, पांढरा फेटा, घोंगडं, काठी. दारात वहाणा काढल्या. "कुठं हाय कोकरू?" सर हातातला ब्रश तसाच धरून उभे राहिले. मी चित्राकडे बोट दाखवलं. मला वाटलं, म्हातारा आता माझ्यावर काठी उगारणार. आबांनी एकदा मुलाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग खरोखरच आजारी जनावर बघावं तसे चित्राजवळ जाऊन उकिडवे बसले.

"धरलंय बराबर," ते म्हणाले.

"खाली लोंबतंय की ते, आबा," मी म्हणाले.

"मग? वर खांद्यावर घेतलं तर आईला कसं दिसंल? येलेली मेंढी हाय, चालवायची तर कोकरू असं खाली, तिच्या नाकाशी धरायचं. वास घेत घेत ती मागनं येती." मग त्यांनी कोकराच्या पोटावरच्या एका बारीक काळ्या रेषेवर बोट धरलं. ती भेग समजून सर दुसऱ्या दिवशी भरून टाकणार होते. "ही नाळ हाय. वाळली न्हाई अजून. कालचं हाय हे. हरावलेलं बिरावलेलं काय न्हाई."

आम्ही शंभर वर्षं त्या चित्राखाली हरवलेल्या मेंढराचे उपदेश ऐकत होतो.

सर पुढे होऊन आबांच्या शेजारी बसले. "आबा, त्येचं तोंड कुणीकडं असंल?"

"मागं. दुसरीकडं कुठं? ते धन्याकडं कशाला बघतंय? आईकडं बघंल." आबा चित्राच्या उजव्या कोपऱ्यातल्या गडद काळोखाकडे बघत होते. तेवढाच भाग सरांनी शिवला नव्हता. तिथे डांबरी रंग होता. त्या काळच्या चित्रकारांना सावलीत डांबर मिसळायची खोड होती, काळोख खोल दिसतो म्हणून. पण ते डांबर जन्मात नीट वाळत नाही, उन्हाळ्यात पाझरतं आणि जरा जास्त घासलं तर सगळंच निघून येतं. आबांनी काठीनं तिकडे दाखवलं. "मेंढी हितं असंल. न्हाई तर ह्या बाबाला धनगरकी म्हाईत न्हाई. पण त्येला म्हाईत हाय."

"लावू का हात?" सरांनी मला विचारलं. पण बघत होते आबांकडे.

"थंडी हाय. डांबर आता घट्ट असंल," आबा म्हणाले. डांबराचं त्यांना काय माहीत, मला अजून कळलेलं नाही. "दमानं घे."

शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार अख्खा दिवस. सर एका वेळी नखाएवढी जागा ओली करायचे, एकदाच फिरवायचे, थांबायचे. तोंड कोरडं पडलं की आबा चिंचेचं बुटूक त्यांच्यासमोर धरायचे; ते नुसतं बघूनच सरांच्या तोंडाला पाणी सुटायचं. शनिवारी दुपारी काळ्यात एक तपकिरी ठिपका चमकला. डोळा होता तो. मग लांब लोंबता कान, मग बाकदार नाक. काळी मेंढी, मान पुढे काढून, पांढऱ्या कोकराच्या मागून चाललेली. इंग्रजी पुस्तकातली कापसाच्या गोळ्यासारखी मेंढी नव्हे. इथली, माळावरची, उंच पायांची. एस्तेरमावशींनी देवाचे आभार मानले. आबांना देवाचं काही पडलेलं नव्हतं. ते म्हणाले, "दुधाला चांगली असणार ही."

त्यानंतर सरांनी कोकराचं तोंड काढलं. कागदावर आधी काढून बघितलं नाही. आबा तेवढ्यापुरते बाहेर जाऊन ट्रॅक्टरवाल्यांशी बोलत बसले होते.

रविवारी चित्र परत वर चढलं. चर्च भरलं. गॅरेजवाल्यांनी मान वर करून बराच वेळ बघितलं आणि स्वतःच म्हणाले की माझं चित्र संडे स्कूलच्या खोलीत लावा, तिथली भिंत उघडी आहे. मंडळीनं मग काही ठरवण्याचा प्रश्न उरला नाही. लोक पुढे येऊन बाभूळ बघत होते, मेंढी बघत होते, एकमेकांना लाल-निळं समजावत होते. कोकराकडे कुणी फार बघत नव्हतं, कारण ते सुरुवातीपासून तिथे असल्यासारखं दिसत होतं. त्याची मान मागे वळलेली होती, तोंड जरा उघडं होतं आणि ते हाक मारत होतं.

सर शेवटच्या बाकाजवळ भिंतीला टेकून उभे होते. पोशाख नवीन, चेहरा पांढराफटक. त्यांना मंडळीची पर्वा नव्हती. आबा पहिल्या बाकावर फेटा सावरत बसले होते आणि सबंध उपासनाभर त्यांनी चित्रावरून नजर काढली नाही. गाणं संपल्यावर ते उठले. पाळकसाहेब वेदीजवळून बाजूला झाले. आबा चित्राखाली गेले, मान वर करून कोकराचं तोंड निरखलं, ओठ बघितले, कान बघितले, डोळे बघितले.

मग ते वळले आणि एवढ्या माणसांच्या डोक्यावरून थेट मागे, भिंतीशी उभ्या असलेल्या आपल्या मुलाला म्हणाले,

"जगंल रं हे."